बोलतंय कोण?

माझ्या मुलीला नोकरी लागली म्हणून मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. ढमढेरे सरांनी पेढा हातात धरूनच विचारलं, "नेमणूकपत्र तुम्ही स्वतः वाचलंत?" वाचलं म्हटल्यावर मगच पेढा तोंडात गेला.

ताथवड्याच्या आमच्या लॉ कॉलेजात ते कायद्याचं लेखन आणि संशोधन शिकवतात. अर्ज कसा लिहायचा, जुना निकाल कसा शोधायचा आणि सापडलेला शेवटपर्यंत कसा वाचायचा. "पान दाखवा" हे त्यांचं पालुपद. शिपाई म्हणाला, प्राचार्यांनी बोलावलंय, तरी "तू स्वतः ऐकलंस, की कुणी सांगितलं?" मुलं त्यांना टाळतात. आम्हीही टाळतो.

एके दिवशी कामगार न्यायालयात सुनावणी होती. भोसरीच्या एका वर्कशॉपने शोभाताईंना चौकशी न करताच काढून टाकलं होतं. कॉलेजचं विधी साहाय्य केंद्र माझ्याकडे. लेखी युक्तिवाद शेवटच्या वर्षाच्या रोहिणीने तयार केला होता, दुपारी आमचे वकील तो दाखल करणार होते. आम्ही दोघी निघतच होतो, तर सर युक्तिवादाची प्रत घेऊन पार्किंगमध्ये धावत आले.

"रोहिणी, हा उतारा कोर्टाचा आहे?"

"हो सर, निकालातच आहे."

"निकालात आहे. पण बोलतंय कोण?"

निकालात आधी दोन्हीकडच्या वकिलांचं म्हणणं दिलेलं असतं. रोहिणीने त्यातलं कामगाराच्या वकिलाचं म्हणणं कोर्टाचं मत म्हणून उचललं होतं.

"पुढचं पान वाच. मोठ्याने."

"हे म्हणणं आम्हाला मान्य नाही..." रोहिणीने वाचलं.

"समोरचा वकील हेच पान जज्जसमोर धरणार! बाईला नोकरी परत मिळाली नाही तर काय सांगशील? घाईत होते म्हणून?" आख्खं पार्किंग वळून बघायला लागलं.

"सर, ओरडायचं ते गाडीत ओरडा," मी म्हटलं. "बसा."

वाकडच्या चौकात गाड्या हलेनात. मागे रोहिणीच्या मांडीवर लॅपटॉप. सर एकेक निकाल शेवटपर्यंत वाचायला लावत होते. "हा नको. पुढचा." वकिलांचा फोन आला, "मॅडम, पुकारा कधीही होईल." मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. औंधजवळ रोहिणीला हवा तो निकाल सापडला. कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट घेऊन तीच धावत वर गेली.

समोरच्या वकिलाला पकडायला काही मिळालं नाही. आदेश पुढच्या तारखेला. शोभाताई सरांच्या पाया पडायला वाकल्या, तसे ते मागे सरकले. "माझं काही नाही. कागद हिने लिहिलाय."

शोभाताईंनी रोहिणीला जवळ घेतलं. "लई चांगलं केलंस, लेकरा."

सर पाणी आणायला म्हणून गेले ते आलेच नाहीत. मी खाली गेले. ते नळाखाली बाटली धरून उभे होते, आणि बाटली कधीची भरून वाहत होती.

"सर, भरली."

"सकाळी फार बोललो का हो तिला?"

"हो."

"मग आता?"

"चहा पाजा."

त्यांनी नळ बंद केला. बाटलीचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"विचारलं तर येईल ती?"