काजूचं माप

"बाबा, ती ताडपत्री असेल तर मी मार्गोला घेऊन नाताळात येणार नाही."

फोन स्पीकरवर होता आणि रेजाँच्या तोंडात वाटाण्याचं सूप होतं. ते त्यानं गिळलंच नाही. नुसतं तोंडात धरून बसला. मारीझ ही त्याची एकुलती एक मुलगी. दहा तास लांब राहते, पार सेत-ईलला. नात मार्गो अडीच वर्षांची. वर्षातून दोनदा दिसते, आणि त्यातली एक भेट आजोबा ओळखीचे वाटत नाहीत म्हणून रडण्यात जाते. ह्या नाताळात मात्र ती चक्क अकरा दिवस राहणार होती.

सूप कसंबसं खाली गेलं. "ताडपत्रीनं तुझं काय घोडं मारलंय?"

"बर्फ पडला की अंगण कुठं संपतं आणि स्विमिंग पूल कुठं सुरू होतो ते कळतं का? मोठ्या माणसाला कळत नाही. बिजूला कळलं नव्हतं."

"बिजू कुत्रा होता."

"हुशार कुत्रा होता."

बिजू खरंच हुशार होता. मारीझ सात वर्षांची असताना तो त्या ताडपत्रीवर चालत गेला, ताडपत्री खाली बसली, आणि रेजाँनं शिडी आडवी टाकून, पोटावर सरपटत जाऊन त्याला मानगुटीला धरून ओढून काढला. कुत्रा दुसऱ्या दिवशी विसरला. मारीझ विसरली नाही.

"वर माणूस उभा राहिला तरी चालेल असं कव्हर टाक," ती म्हणाली. "मग येते."

दुसऱ्याच दिवशी रेजाँ बायकोला, पोलेतला घेऊन पूलच्या सामानाच्या दुकानात. ऑक्टोबर चालू होता, अख्खं तेरबोन गाव आपापले पूल हिवाळ्यासाठी बंद करायच्या मागे लागलेलं. दुकानातल्या जोझेबाईंनी तीन नमुने टेबलावर टाकले.

"ही जाळी. फक्त पानं अडवते."

"नको."

"ही ताडपत्री. कडेनं पाण्याच्या पिशव्या ठेवायच्या."

"तिच्यामुळेच तर आलोय."

"मग हे." हिरवं, जाड विणीचं कापड. वरून आडव्याउभ्या पट्ट्या शिवलेल्या, पट्ट्यांच्या टोकाला स्प्रिंगा, त्या काँक्रीटमध्ये ठोकलेल्या पितळी खुंट्यांना अडकवायच्या. बर्फाचं पाणी खाली झिरपतं, माणूस वर राहतो. सोबत एक फोटो, त्यात कव्हरच्या मधोमध मोटार उभी.

"गाडी चालवत नेली का वरून ठेवली?" रेजाँनं विचारलं.

"साहेब, वजन पेलतं हे दाखवायला आहे तो फोटो."

"पण उतरवली कशी?"

"हेच द्या, बाई," पोलेत मध्येच म्हणाली. "नाहीतर हा आता गाडीचा नंबर विचारेल."

जोझेबाईंनी बजावलं, कव्हर पूलच्या मापानं शिवून येतं, आणि एकदा शिवलं की परत घेत नाही. "माप घ्यायला आमचा माणूस येईल. फुकट."

रेजाँचा चेहरा असा झाला, जणू त्याला कुणी म्हणालं, बूट आम्ही घालून देऊ. "बाई, मी चौतीस वर्षं सरकारी रस्त्यांची मोजणी केलीय. आज तुम्ही ज्या रस्त्यानं दुकानात आलात ना, तो मी मोजलाय."

जोझेबाईंनी मुकाट्यानं फॉर्म दिला.

काम सोपं होतं. पूलच्या एका बाजूला, जरा लांब, दोन खुंट्या ठोकायच्या. एक ए, एक बी. मग पूलच्या काठावर चाळीस खुणा करायच्या आणि प्रत्येक खूण ए पासून किती, बी पासून किती, ते लिहायचं. पूल काजूसारखा, एक टोक जाड, एक बारीक, पण ह्या पद्धतीत कसलाही वाकडातिकडा आकार कागदावर येतो. रविवारी सकाळी रेजाँनं हातोडा घेतला, पहिली खुंटी ठोकली, आणि कुंपणाच्या झुडपांवरून एक लोकरी टोपी वर आली.

"काय रे, कबर खणतोयस?"

हा फेर्नां. शेजारी. चौऱ्याहत्तर वर्षांचा, एकटाच राहणारा. त्याचं मेपलचं झाड त्याच्या अंगणात आणि पानं रेजाँच्या पूलमध्ये. अकरा वर्षं दोघं एकमेकांच्या घरी गेले नव्हते. बोलणं फक्त कुंपणावरून, आणि तेही खोचक.

"खणतोय. तुझ्या झाडाची."

"झाड माझं, वारा देवाचा. तक्रार पाद्रीबाबाकडे कर."

"दर वर्षी आठ पोती भरतो मी तुझी पानं!"

"मग निदान थँक्यू तरी म्हण. खत फुकट मिळतंय."

वीस मिनिटं हे चाललं. रेजाँ पूलकडे पाठ करून, फेर्नांकडे तोंड करून उभा. तोंडानं भांडण चालू आणि हातानं काम चालू. डाव्या हाताच्या खुंटीवर त्यानं खडूनं ए लिहिलं, उजव्या हाताच्या खुंटीवर बी. मग दिवसभर पोलेत टेपचं टोक धरून काठाकाठानं फिरली आणि ऐंशी आकडे लिहून झाले.

दोन दिवसांनी जोझेबाईंचा फोन. "सोबत हातानं काढलेली आकृती जोडायची राहिलीय."

"आकडे दिलेत ना? आकडे खोटं बोलत नाहीत," रेजाँ म्हणाला आणि दुकानात जाऊन, आकृतीशिवायच शिवा म्हणून सही करून आला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या मंगळवारी कव्हर आलं. गल्लीत दारोदारी, बर्फापासून गाड्या झाकायचे पांढरे तंबू लागले होते आणि गुरुवारी मोठा बर्फ सांगितला होता. रेजाँनं भाड्याचं ड्रिल आणलं, दोघांनी मिळून ते हिरवं धूड पूलवर पसरलं आणि मागं सरून बघितलं.

पूल काजूसारखा. कव्हरही काजूसारखं. पण पूलची आत वळलेली बाजू घराकडे आणि कव्हरची कुंपणाकडे.

"फिरव," पोलेत म्हणाली.

फिरवलं. आत वळलेली बाजू जागेवर आली, पण आता जाड टोक बारीक टोकावर. पुन्हा फिरवलं. आडवं फिरवलं. ओढून बघितलं. चौथ्यांदा फिरवल्यावर ते पहिल्यासारखंच बसलं, म्हणजे बसलं नाहीच. पोलेतनं हातमोजे काढून तोंडावर हात ठेवला. रेजाँचा रंग मेणबत्तीसारखा झाला, आणि मग त्यानं चर्चमधल्या एकूण एक पवित्र भांड्यांची नावं एका दमात घेतली. शिव्या द्यायला आमच्याकडे तेवढी पुरतात.

फोनवर जोझेबाईंनी शांतपणे विचारलं, "साहेब, ए कुठं होता?"

"डावीकडे. फॉर्ममध्ये लिहिल्याप्रमाणे."

"पूलकडे तोंड करून उभं राहिल्यावर डावीकडे. तुम्ही पूलकडेच तोंड करून होतात ना?"

रेजाँनं कुंपणाकडे बघितलं. "मी फेर्नांकडे तोंड करून होतो."

"फेर्नां कोण?"

"कापड उलटं करून टाकलं तर?"

"पट्ट्या खाली जातील, खुंट्यांवर ताण वाकडा येईल. हमी गेली. मग त्यावर मांजरसुद्धा सोडू नका. नवं शिवायचं तर एप्रिल उजाडेल."

नव्याची ऑर्डर द्यावी लागलीच. पण नाताळ काही एप्रिलमध्ये येत नाही. रेजाँ पायरीवर बसला. आता मारीझला काय सांगायचं? चौतीस वर्षं मोजणी करणाऱ्या तुझ्या बापानं पूल आरशात बघून मोजला? ती येणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात मार्गो तीन वर्षांची होईल आणि पुन्हा पहिल्यापासून रडेल.

तेवढ्यात पोलेत शिडी घेऊन कुंपणाशी गेली. वर चढली. पलीकडे बघितलं. मग कव्हरकडे बघितलं. परत पलीकडे बघितलं.

"रेजाँ," ती म्हणाली, "हलू नकोस आणि ओरडू नकोस. हे फेर्नांच्या पूलचं कव्हर आहे."

दोन्ही पूल एकाच ठेकेदारानं एकाच उन्हाळ्यात खणलेले. पाणी गाळायची यंत्रं दोघांचीही कुंपणाला लागून यावीत म्हणून साचा एकच, पण इकडे सुलटा आणि तिकडे उलटा.

"मारीझला काय पाहिजे?" पोलेत शिडीवरूनच म्हणाली. "मार्गोला बर्फात खेळायला बिनधोक अंगण. आपलंच असलं पाहिजे असं ती म्हणाली का?"

"माझं कव्हर. त्याच्या पूलवर."

"हो."

"आणि माझी नात त्याच्या अंगणात."

"हो."

"त्यापेक्षा मी आपला पूल बुजवतो!"

"आज मंगळवार आहे. बर्फ गुरुवारी. बुजव."

अकरा वर्षांत पहिल्यांदा फेर्नांची बेल वाजली. दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात काटा होता आणि काट्याला बटाटा. दारात रेजाँ बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"कोण मेलं?"

पोलेतनं सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. फेर्नां ऐकता ऐकता बटाटा खाऊन मोकळा झाला.

"एक कळलं नाही," तो म्हणाला. "ह्याच्या पूलचं कव्हर माझ्या पूलला कसं बसतं?"

"मापात जरा इकडचं तिकडे झालं," रेजाँ पायपुसण्याकडे बघत म्हणाला.

"मोठ्यानं बोल. ह्या कानानं कमी येतं."

"मी चुकीचं मोजलं!"

समोरच्या घरातला पडदा हलला. फेर्नां बूट घालायच्या बाकावर मटकन खाली बसला. "अकरा वर्षं मी वाट बघतोय की तू येऊन चूक कबूल करशील," तो म्हणाला. "पण मला वाटलं होतं, झाडाबद्दल करशील."

कव्हर फेर्नांच्या पूलवर असं बसलं, जणू ती त्याची कातडीच. बत्तीस भोकं रेजाँनं स्वतः पाडली, बत्तीस खुंट्या स्वतः ठोकल्या, कुणालाही हात लावू दिला नाही. फेर्नां कॉफीचा कप धरून सूचना करत होता. शेवटची स्प्रिंग अडकली तेव्हा गुरुवारचा पहिला बर्फ पडायला लागला होता.

फोनवर हे ऐकून मारीझनं आधी एकच विचारलं. "तुम्ही त्या माणसाशी बोलता?"

"मंगळवारपासून," पोलेत म्हणाली.

बावीस डिसेंबरला ती आली. कोटसुद्धा न काढता थेट फेर्नांच्या अंगणात गेली, फावड्यानं बर्फ सारून कव्हरच्या मधोमध उभी राहिली आणि तीनदा उडी मारली. रेजाँ आणि फेर्नां दोघांनीही डोळे मिटून घेतले. "चालेल," मारीझ म्हणाली. मग मार्गो तिकडच्या पूलकडे जाऊ नये म्हणून तिनं आईवडिलांच्या घराचं मागचं दार कुलूप लावून बंद केलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

म्हणजे नातीला खेळताना बघायचं तर रेजाँला रोज बूट चढवून, रस्त्यानं वळसा घालून, फेर्नांच्या फाटकातून जावं लागे. पहिले दोन दिवस तो हाताची घडी घालून पाहुण्यासारखा उभा राहिला. तिसऱ्या दिवशी मार्गोनं त्याच्या हातात फावडं दिलं. "तू खण," ती म्हणाली. मग फेर्नांकडे वळून, "तू पण खण."

दोघांनी खणलं. आधी एक भुयार. मग दुसरं, कारण पहिलं तिला आवडलं नाही. एकदा पोलेत हाक मारायला आली तर बर्फातून चार म्हातारे पाय बाहेर आलेले, आणि आतून फेर्नांचा आवाज, "सरक ना जरा! रस्ता मोजत बसलायस का?" पोलेत हाक न मारताच परत गेली. फेर्नांनं काकवीची बिस्किटं केली, ती जळली, मार्गोनं ती सगळी खाल्ली. नाताळच्या जेवणाला आमच्याकडे तुर्तिएर, म्हणजे पिठाच्या पारीत खिमा भरून भाजलेला पदार्थ असतो, तो ह्या वेळी चारऐवजी पाच ताटांत कापला गेला, आणि मार्गो आजोबांच्या मांडीवर बसून जेवली. रडली नाही. अजिबात नाही.

दोन जानेवारीला मारीझची गाडी वळणापलीकडे गेली तरी रेजाँ आणि फेर्नां रस्त्याच्या कडेला उभेच होते. फेर्नांच्या हातात फावडं.

"तुझं नवं कव्हर कधी येतं?"

"एप्रिलात. पुढच्या हिवाळ्यापासून पोरगी आमच्याच अंगणात. तुला त्रास नको."

"बरं झालं," फेर्नां म्हणाला. "बरंच झालं." आणि जिथं बर्फ नव्हताच, तिथला बर्फ तो काढत राहिला. रेजाँ बराच वेळ बघत होता. मग घरात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या रेजाँनं फोन लावला. पोलेत समोरच कॉफी ओतत होती.

"जोझेबाई, ते नवं कव्हर शिवू नका. थांबवा. मी चुकीचं मोजलंय."

कॉफी कपाबाहेर सांडायला लागली तरी पोलेत ओततच राहिली. कुणी विचारलेलं नसताना हे वाक्य ह्या माणसाच्या तोंडून तिनं उभ्या संसारात ऐकलं नव्हतं.

"काहीतरीच काय, साहेब!" जोझेबाईंचा आवाज चढला. "ह्या वेळी माप आमच्या माणसानं घेतलंय. तुम्हाला तर त्यानं टेपला हातसुद्धा लावू दिला नव्हता."

रेजाँनं थोडा विचार केला.

"असू दे," तो म्हणाला. "तरी चूक माझीच आहे."