आप्पांच्या खणातला 'रन'

"'रन' ना? एवढासा शब्द! शुक्रवारी संध्याकाळी नोंद तुमच्या टेबलावर!" दुर्बिणीने साहेबांना ठणकावून सांगितलं. इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीतली ही सर्वांत नवी सहायक. पदार्थविज्ञानाची पदवीधर. चहातली साखर विरघळली की नाही हेही उजेडात धरून तपासायची, म्हणून हे नाव.

"शनिवारी कोश छापायला जातोय," साहेब म्हणाले. "वेळेत झालं तर नोकरी पक्की. नाहीतर..." पुढचं त्यांनी भुवयांवर सोपवलं.

सोमवारी दिवसभरात तिने एका कार्डावर एक अर्थ अशी एकोणचाळीस कार्डं केली. धावणे, यंत्र चालणे, दुकान चालवणे, निवडणुकीला उभे राहणे! गठ्ठा कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात ठेवला, सवयीप्रमाणे पायाने खण धाडकन लावला, कुलूप घातलं आणि शीळ घालत घरी गेली.

मंगळवारी सकाळी खणात चाळीस कार्डं होती.

चाळिसावं गठ्ठ्याच्या मागे पडलं होतं. जांभळी शाई, तिरपं अक्षर : 'नाक वाहणे.'

"काकू, हे अक्षर कोणाचं?"

टायपिस्ट काकूंनी हातातला कप खाली ठेवला. "अगं बाई! आप्पांचं! तुझ्याच खुर्चीवर तीस वर्षं बसायचे. मागच्या वर्षी गेले. 'रन'ची नोंद अर्धी राहिली, त्यातच जीव अडकला होता गं त्यांचा!"

दुर्बिणीने कार्ड उजेडात धरलं.

"भूतबित काही नसतं, काकू. प्रयोग करू."

तिने खणाच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवली, वर सही ठोकली. बुधवारी पट्टी शाबूत! आत नवं कार्ड : 'रंग फुटून पसरणे.' संध्याकाळी तिने आत चिठ्ठी ठेवली : 'कृपया पुरे.' गुरुवारी उत्तर हजर : 'अजून आहेत.'

काकूंनी खुर्ची दाराशी नेली. साहेब खोलीत न येता बाहेरूनच ओरडून कामं सांगू लागले.

शुक्रवारी कार्डावर एकच शब्द होता : 'पळा!'

काकूंनी तो वाचला आणि जिना गाठला. दुर्बीण किंचाळून मागे उडाली, पण खणाची मूठ हातातून न सुटल्याने अख्खा खण छातीवर घेऊन उताणी पडली!

पडल्या पडल्या तिला खणाच्या रिकाम्या जागेतून कपाटाचं पोट दिसलं. तिने मोबाइलचा उजेड टाकला. वरच्या खणाच्या मागे फट होती आणि फटीत कार्डं खच्चून अडकली होती. तिने कपाटाला एक लाथ घातली. वरून एक कार्ड डुलत डुलत खाली आलं.

"काकू, आप्पा वरचा खण फार भरायचे का हो?"

"भरायचे?" जिन्यावरून आवाज आला. "गुडघा लावून बसवायचे!"

तेवढ्यात साहेब दारात आले. "काय झालं?"

"साहेब, भूत नाहीये! सिद्ध झालं! मी रोज लाथेने खण लावत होते, वरून एकेक कार्ड पडत होतं! 'अजून आहेत' म्हणजे अर्थ, आणि 'पळा!' हाही 'रन'चाच अर्थ!"

"शाबास! मग नोंद?"

विजयी मुद्रेने तिने फटीत हात घालून ओढलं. जांभळ्या अक्षरांचा ढीग मांडीवर कोसळला. दोनशे तरी असतील, सगळी 'रन'ची! घड्याळात सकाळचे अकरा वाजले होते आणि नोंद संध्याकाळी द्यायची होती.

"साहेब," ढिगाकडे बघत ती हळूच म्हणाली, "भूतच बरं होतं हो. ते बिचारं रोज एकच द्यायचं."