आधी लहान बोलतील

गणपतीला श्रीखंड करायचं की बासुंदी, हे ठरवताना सबनीसकाकांनी सर्वांत आधी चार वर्षांच्या ईशाचं मत घेतलं. ती म्हणाली, "पिझ्झा." काकांनी गंभीरपणे मान डोलावली आणि मगच आमच्या एडिनबरा मराठी मंडळाच्या अध्यक्षांना बोलू दिलं. "आधी लहान बोलतील" हा त्यांचा नियम होता. अध्यक्ष त्यावर मनातल्या मनात दातओठ खात.

काका भूल देणारे डॉक्टर. आठवडाभर हॉस्पिटलात लोकांना झोपवायचे आणि हिवाळ्यातल्या वीकेंडला स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्मच्या डोंगरात उतारावरचा बर्फ सुटून कोसळेल का ते तपासायचे. ही खोड खालीही सुटत नसे. कुणाच्या वाढदिवसाचा केक कापला की वाकून त्याचे थर न्याहाळत, वरून बोटांनी हलकेच थापटत आणि म्हणत, "क्रीमवर सरकतोय हा. वरून काय, सगळं छानच दिसतं." यजमानीण कसनुसं हसे.

मी आणि माझा नवरा मंदार वर्क परमिटवर नुकतेच आलो होतो. काकांनी एका शनिवारी आम्हालाही डोंगरात ओढून नेलं. शिखर समोर दिसत होतं. मध्ये फक्त एक पांढरा, तिरका उतार. कडेला थांबून काकांनी खड्डा खणला, बर्फाचा एक चौकोनी खांब मोकळा केला, त्यावर फावडं ठेवलं आणि थापा मारू लागले. आधी मनगटातून, मग कोपरातून. जितक्या हलक्या थापेला वरचा थर सरकेल, तितका उतार धोक्याचा. मनगटाला तो हलला नाही. कोपराला सरकला.

"बॉर्डरलाइन आहे," काका म्हणाले. "एकानं जरी नको म्हटलं, तरी सगळ्यांनी मागे फिरायचं. आधी तू बोल."

तिघांत मीच लहान. मला भीती वाटत होती. पण डोंगरात जन्म घालवलेल्या माणसापुढे मी काय बोलणार?

"काका, तुम्ही म्हणाल तसं."

फावडं पुसणारा त्यांचा हात थांबला.

"हेच वाक्य मी कारखानीस सरांना म्हणालो होतो," ते म्हणाले. "हॉस्पिटलातले माझे वरिष्ठ, कन्सल्टंट. असाच स्लोप होता. मला टेस्ट आवडली नव्हती, पण सरांना नको कसं म्हणायचं? ते पुढे गेले आणि अख्खा उतार सुटला. त्यांच्या घरी, वहिनींना फोन मी केला."

ईशाचा पिझ्झा आठवला आणि या माणसाबद्दल फार वाईट वाटलं.

"नको, काका," मी म्हणाले. "मला भीती वाटतेय. परत जाऊ."

त्यांनी कारण विचारलं नाही. शिखराकडे एकदाही न बघता सॅक उघडली आणि थर्मासमधला चहा ओतून कप माझ्यापुढे धरला.

"एवढंच गं," ते म्हणाले. "एवढंच म्हणायचं होतं मला तेव्हा."