तांबड्या खडूतले नाव

इमारतीच्या दारातल्या फळ्यावर सलग तिसऱ्या महिन्यात तांबड्या खडूने एकच नाव लिहिले गेले, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या बाईंनी समोरच्या सेक्रेटरींचे दार ठोठावले.

"साहेब, मी एकटी बाई. एवढं पाणी मी पिते की त्यात पोहते?"

"मला काय विचारता? मीटरला विचारा. त्याला ना नातं, ना गोतं," सेक्रेटरी म्हणाले. आत त्यांच्या पत्नी नळ सोडून भांडी विसळत होत्या, त्यामुळे हे वाक्य त्यांना जरा ओरडूनच म्हणावे लागले.

शहराची भरभराट चालली होती. म्हणजे काय, तर समोर एकेक नवा मनोरा उभा राहत होता आणि त्याबरोबर या इमारतीच्या नळाची धार बारीक होत होती. टँकर मागवावा, तर टँकरवालाही आधी मनोऱ्यांकडे वळे. तेव्हा हिशोब तपासनीस म्हणून निवृत्त झालेल्या सेक्रेटरींनी कंबर कसली. गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक घराकडे जाणाऱ्या पाइपावर त्यांनी मीटर आणि व्हॉल्व्ह बसवून घेतले. घरांच्या क्रमांकाचे पत्रे मात्र स्वतःच्या हाताने तारेने बांधले. दुसऱ्याच्या कामावर त्यांचा विश्वास नव्हता.

मग नियम ठरला. सगळ्यात कमी पाणी वापरणाऱ्याचे नाव पांढऱ्या खडूने, सगळ्यात जास्त वापरणाऱ्याचे तांबड्या खडूने. सलग तीनदा तांबडे नाव आले की महिनाभर सकाळचे पाणी बंद. पांढऱ्या खडूत दर महिन्याला सेक्रेटरींचेच नाव येई. घरात बायको, मुलगा, सून आणि दोन नातवंडे असून हे कसे जमते, असे कोणी विचारले की ते जेवताना घरच्यांना दिलेल्या व्याख्यानांचा उल्लेख करत. लोक पाठीमागे त्यांना थेंबसाहेब म्हणत. ते त्यांच्या कानावर आले होते आणि आवडलेही होते.

बाईंनी काय करायचे बाकी ठेवले होते? कपडे धुतलेल्या पाण्याने फरशी पुसली, फरशीचे पाणी संडासात ओतले. आकडा ढिम्म हलेना. उलट गिऱ्हाइके कुजबुजू लागली. बाई चोरून पाणी विकतात म्हणे! आणि जी पाणी चोरते ती उरलेले कापड सोडील काय? महिनाभरात शिवायला येणारे कपडे निम्म्यावर आले. बाईंचे पोट त्या एका मशीनवर होते.

"साहेब, मागच्या महिन्यात तर मी आठवडाभर बहिणीकडे होते हो."

"आणि नेमका त्याच आठवड्यात तुमचा आकडा दुप्पट! किल्ली कोणाकडे देऊन गेला होतात?"

त्या आठवड्यात सेक्रेटरींच्या सूनबाईंचे सगळे माहेर मुक्कामाला आले होते. पण त्याचा इथे काय संबंध? बाई परत गेल्या.

रविवारी सकाळी मंडळी गच्चीवर जमली. प्लंबर डोके खाजवत उभा होता.

"साहेब, एकट्या बाईमाणसाचं पाणी तोडायचं म्हणजे जरा..."

"नियम म्हणजे नियम! माझं नाव आलं असतं, तर मी माझंही तोडलं असतं."

बाई कठड्याशी उभ्या होत्या. डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती. सेक्रेटरींनी त्यांच्याकडे बघायचे टाळले, बाह्या सरसावल्या आणि बाईंचा क्रमांक टांगलेला व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने करकचून बंद केला.

मग खालच्या मजल्यावरून आवाज आला.

"अहो! अहो, ऐकताय का? पाणी गेलं! माझ्या डोक्याला साबण लागलाय!"

आवाज सेक्रेटरींच्या पत्नीचा होता.

"टाकी संपली असेल," सेक्रेटरी म्हणाले. प्लंबरने झाकण उचलले. टाकी काठोकाठ भरलेली. कोणीतरी धावत बाईंच्या घरी जाऊन नळ सोडून आले.

"बाईंकडे तर धो धो येतंय!"

प्लंबरने व्हॉल्व्ह उघडला. "आलं!" खालून आवाज. त्याने बंद केला. "गेलं! अहो, काय पोरखेळ लावलाय?" सेक्रेटरींनी आणखी एकदा करून बघायला सांगितले. त्यांची खात्री एका दाखल्यावर कधीच पटत नसे. तिसऱ्यांदा खालून जे शब्द आले, ते ऐकून मात्र मंडळींनी माना खाली घातल्या.

"दोन पत्र्यांची अदलाबदल झालीय," प्लंबर म्हणाला. "कोणी बांधले होते हो?"

सेक्रेटरींना धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. पण धरणी चार मजले खाली होती. बाईंनी पोटाला चिमटा घेऊन वाचवलेली बादली न् बादली त्यांच्या नावावर चढली होती आणि त्या बादल्यांवर त्यांनी लोकांच्या टाळ्या घेतल्या होत्या. त्यांना मनापासून लाज वाटली.

"उघडू ना आता?" प्लंबरने विचारले.

"नको." सेक्रेटरी म्हणाले. "महिनाभर बंद राहू दे."

"अहो, पण वहिनींच्या डोक्याला साबण आहे!"

"तळातल्या नळावरून बादली आणतो मी. रोज आणीन."

आधी बादली पोचवून, नको ते ऐकून घेऊन ते दारातल्या फळ्यापाशी आले. खिशातला रुमाल काढून तांबडे नाव पुसू लागले. तीन महिने एकाच जागी गिरवलेला खडू फळ्यात मुरला होता. रुमाल तांबडा झाला, बोटे तांबडी झाली, तरी नाव पुसट का होईना वाचता येत होते. ते घासतच राहिले.

मागून कोणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. बाई होत्या.

"कोरड्यानं जायचं नाही ते, साहेब."

"नको बाई, राहू दे. उगाच तुमचं पाणी..."

"घ्या हो," बाई म्हणाल्या. "एवढं पाणी माझ्या नावावर मांडा."