आंटी, ही तुमची!

"उद्या दुपारनंतर मला भेटायचं असेल तर आधी वेळ घ्यायची, सांगून ठेवते!" मुसुबीचा, म्हणजे भात-मांसाच्या वडीचा, बोकाणा भरत नोहेआनं जाहीर केलं.

एकोणीस वर्षांची पोरगी, पण गुर्मी बघा! तशी ती खोटी नव्हती म्हणा. गेल्या वर्षी ती सर्फिंगमध्ये ओआहू बेटाची विजेती झाली होती, आणि आता उद्याचा अंतिम सामना तिच्याच गावच्या, माकाहाच्या पाण्यात होता. जिंकली तर थेट जागतिक मालिकेत! जागा एकच उरली होती.

"लाटांची काळजी नाही गं मला," तिचे गुरू अंकल पालानी म्हणाले. "तुझ्या संस्कारांची आहे!"

त्याला कारण होतं. माकाहात वयानं मोठी बाई दिसली की ती आंटी, आणि पाण्यात आंटी असली की लाट आधी तिची. उपांत्य फेरीत नोहेआनं एक सोन्यासारखी लाट समोरच्या बाईला देऊन टाकली होती. वर "सावकाश हं!" असंही म्हणाली होती!

"उद्या पाण्यात कुणी आंटी नाही. म्हण!"

"कुणी आंटी नाही, अंकल."

"अंकलसुद्धा नाही!"

"बरं, अंकल."

पालानींनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी समोर होती कॅलिफोर्नियाची डार्सी, पूर्वी दोनदा जगज्जेती, वय एकतीस. नाकावर पांढरं मलम, चेहऱ्यावरची माशी हलत नाही! तिनं पहिल्याच लाटेवर आठ गुण घेतले. नोहेआ दात-ओठ खाऊन लढली. पण शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा तिला अजून साडेसहा गुण हवे होते, आणि पुढच्या लाटेचा पहिला हक्क होता डार्सीचा.

तेवढ्यात लाट उठली. काय लाट होती ती! किनाऱ्यावर सगळे उभे राहिले. नोहेआच्या डोक्यातून सामना गेला, मालिका गेली, पालानी तर केव्हाच गेले होते. तिनं आनंदानं हात हलवला आणि जिवाच्या आकांतानं ओरडली,

"आंटीऽऽ! ही तुमची! घ्या, घ्या!"

डार्सीचे हात थांबले. ती बोर्डावर ताडकन उठून बसली.

"कोण आंटी?"

"तुम्ही!"

"मी? अगं, एकतीस वर्षांची आहे मी!"

"हो ना, दिसत नाही हं अजिबात!"

"म्हणजे काय? दिसायला काय हवं होतं?"

या वादात लाट डार्सीच्या खालून निघून चालली. एवढी छान लाट वाया जाते म्हणून नोहेआ हळहळली. आंटीला नको तर नको! ती वळली, दोन हात मारले आणि उभी राहिली. भोंगा वाजला तेव्हा ती थेट किनाऱ्यापर्यंत आली होती.

नऊ गुण! पालानी रडत होते की हसत होते, कळेना.

डार्सी तरातरा परीक्षकांकडे गेली. "तिनं मला आंटी म्हटलं!"

मुख्य परीक्षक होत्या साठीच्या आंटी कुउलेई. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग? तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही! भांडले!"

"अगंबाई! एवढ्या मायेनं लाट देत होती पोरगी, साधं 'थँक्यू' नाही म्हणालीस?"

निकाल कायम राहिला. रात्रभर माकाहा नाचलं. नोहेआनं पहाटेपर्यंत सगळ्यांना तेच तेच सांगितलं. "आंटी म्हटलं म्हणून कुणी एवढं मनाला लावून घेतं का? कमालच आहे बाई!"

सकाळी जागतिक मालिकेतली नवी खेळाडू ऐटीत पाण्यात उतरली. मागून झकास लाट येत होती. शेजारी सात-आठ वर्षांची एक चिमुरडी आपल्या छोट्या बोर्डावर पालथी पडून होती. तिनं चटकन हात आखडले आणि आदरानं बाजूला सरकली.

"आंटी, ही तुमची! घ्या!"

लाट निघून गेली. नोहेआ अजून तिथेच बसली होती.

"कोण आंटी?"