कार्डाला हळद

खंडेनवमीला बोईसरच्या साइट ऑफिसात हत्यारांची पूजा मांडली, तेव्हा टेबलावर लेव्हल होती, टेप होता, आकडेमोडीची सरकती पट्टी म्हणजे खंडेरावांचा लाडका स्लाइडरूल होता. कॉम्प्युटर तेवढा नव्हता. तो मुंबईत होता आणि खोलीभर होता. पण खंडेराव पडले मुख्य इंजिनिअर. पूजेत काही राहून गेलेलं त्यांना खपत नसे. "नरहरी, तुमच्या त्या यंत्राचंही काहीतरी ठेवा," ते म्हणाले.

नरहरी हा ऑफिसातला एकटाच प्रोग्राम लिहिणारा इंजिनिअर. त्याने लिहिलेलं गणित प्रेमला नावाची मुलगी पंचिंग मशीनवर बसून कार्डांना भोकं पाडून उतरवायची, कार्डांचा खोका मुंबईला जायचा आणि आठवड्याने उत्तरासकट परत यायचा. अख्खा खोका हळदीकुंकवात घालायची नरहरीची छाती होईना. त्याने मधलंच एक कार्ड उपसलं आणि खोक्याचा प्रतिनिधी म्हणून टेबलावर ठेवलं. खंडेरावांनी त्याला ओल्या हळदीचं भरघोस बोट लावलं. आरती झाली, पेढे झाले. मग नरहरीने रुमालाने कार्ड चांगलं दाबून पुसलं आणि जागच्या जागी खोचून दिलं.

त्या खोक्यातून कॉम्प्युटरला विचारलं होतं एवढंच, की कॉलनीच्या पाण्याच्या टाकीची भिंत किती जाड हवी. उत्तर आलं, ते खंडेरावांनी स्लाइडरूलवर ताडून पाहिलं, भिंत भलतीच पातळ निघाली आणि ते खूश झाले. त्यांचा कॉम्प्युटरवर पहिल्यापासून विश्वास नव्हता. "ही टाकी नव्हे, आंघोळीचं घंगाळ आहे," असं त्यांनी सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल इतक्या हळू सांगितलं.

नरहरीने मुंबईचा कागद ओळीओळीने तपासला. पाण्याची खोली लिहिली होती बारा फूट. कागदावर एकाच्या जागी मोकळी जागा आणि पुढे नुसता दोन. खंडेरावांनी लगेच निकाल दिला, की पोरगीने एक मारलाच नाही, तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा.

प्रेमला जवळच्याच केळवे गावची. तिला अजून कायम केलेलं नव्हतं. वडिलांनी नाखुशीनेच ऑफिसात धाडलं होतं. घरी परतली असती तर आयुष्यभर वाडीत पानवेलीची पानं खुडणं नशिबी होतं, आणि तिला त्या पानांचा मनस्वी कंटाळा होता. तिने खोक्यातून ते कार्ड काढून आणलं. "सायेब, मी एक मारलेला हाय. ह्यो बघा, वर बारा छापलाय."

खरंच, कार्डाच्या वरच्या कडेला मशीनने छापलेला बारा होता, हळदीच्या पिवळ्या डागातून स्पष्ट दिसत होता. नरहरीला तर हर्षच झाला. म्हणजे प्रेमला निर्दोष आणि आपणही निर्दोष! मग उरला कोण? कंपायलर. माणसाने लिहिलेलं गणित यंत्राच्या भाषेत सांगणारा मुंबईतला दुभाष्या. तो एकाचा आकडा गिळतो, अशी खरमरीत तक्रार नरहरीने धाडली. खंडेरावांनी प्रेमलाला तोवर मुदत दिली. कंपायलर सुटला, तर ती घरी.

कंपायलर ज्याने बांधला, तो पुंडलिक नावाचा गृहस्थ सकाळच्या गाडीने स्वतःच येऊन थडकला. लेकरावर आळ आलेल्या बापासारखा तो तापला होता. चहा, नाश्ता आणि जेवण वादात गेलं.

"मोकळी जागा आम्ही सोडून देतो. भाषेचा नियमच आहे तसा," पुंडलिक म्हणाला.

"आणि एक कुठे गेला?" नरहरीने विचारलं.

"आमच्याकडे आलाच नाही."

"मग विचारायचं नाही? चिठ्ठीत आकडा अर्धवट दिसला, तर आमचा वाणीसुद्धा विचारतो."

"कंपायलर वाणी नाही," पुंडलिक ताडकन म्हणाला आणि त्याने ते कार्ड मागवलं.

त्याने कार्ड खिडकीच्या उजेडासमोर धरलं. सगळ्या भोकांतून उजेड येत होता, एका भोकातून येत नव्हता. तिथे वाळलेल्या हळदीचा पापुद्रा पक्का बसला होता. "ही हळद कुणी लावली?" त्याने विचारलं.

प्रेमलाने जमिनीकडे पाहिलं. आपला रुमाल आठवून नरहरीने छताकडे पाहिलं. खंडेराव बराच वेळ स्वतःच्या बोटाकडे पाहत राहिले.

"देवाच्या कामात दोष काढत नाहीत," अखेर ते म्हणाले. "पण कंपायलरने विचारायला हवं होतं, हे नरहरींचं म्हणणं मला पटतं."

नरहरीला एकदम इतका पाठिंबा कधी मिळाला नव्हता. पुंडलिकाला संध्याकाळची गाडी गाठायची होती, शिवाय प्रेमलाने त्याच्या हातात केळव्याच्या विड्याच्या पानांचा भलामोठा पुडा दिला होता. यापुढे आकड्यात मोकळी जागा दिसली की कंपायलर विचारील, असं कबूल करून तो गेला.

आणि शब्दाला जागला. पुढचा खोका परत आला तो कागदांच्या गठ्ठ्यासकट. मोठे आकडे सुटसुटीत दिसावेत म्हणून नरहरी मधेमधे जागा सोडत असे, आणि तशा प्रत्येक जागी कंपायलरने विचारलं होतं, इथे काही राहिलं का? सगळी कार्डं नव्याने मारणं आलं. ती होतात न होतात तोच पुढला गठ्ठा. प्रेमलाला मान वर करायला फुरसत उरली नाही, आणि कायम केल्याची तिची ऑर्डर खंडेरावांनी स्वतः टाइप करून घेतली. जरा कमी विचारता येईल का, असं नरहरीने मुंबईला लिहून पाहिलं. पुंडलिकाचं उत्तर एका ओळीचं होतं: "कंपायलर आता वाणी आहे."

पुढल्या खंडेनवमीला नरहरी खोक्याकडे वळण्याआधीच प्रेमलाने टेबलावर एक कार्ड ठेवलं. खंडेरावांनी हळदीत बोट बुडवलं आणि ते थबकले.

"लावा, सायेब," प्रेमला म्हणाली. "ह्याला भोकच नाय."