ब्रिजेट गॅलहर, वडिलांचे नाव जेम्स

जो मनुष्य नोंदीत नाही तो जन्मलाच नाही, हे सुसंस्कृत समाजाचे मूलभूत तत्त्व आहे. त्यानुसार माझ्या सासूबाईंची आयरिश आजी, ब्रिजेट गॅलहर, बालपण वगैरे न घेता १९०८ साली ग्लासगोत एकदम बावीस वर्षांची प्रकट झाली, त्याच दिवशी लग्न केले आणि पुढे सहा मुलांना वाढवून वारली. आयर्लंडमधल्या कुठल्या गावाहून आली, ते तिने कुणाला सांगितले नाही. (कुणी विचारलेही नसावे. सहा मुले होती.)

सासूबाई, म्हणजे मोरीन, एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. ऑक्टोबरमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी, चालता येतंय तोवर, आजी ज्या गावातून निघाली तिथे जाऊन फुलं ठेवायची, एवढीच त्यांची इच्छा. सप्टेंबरची फेरीबोटीची तिकिटं काढून झाली होती. गावाचा तेवढा पत्ता नव्हता.

शोधाचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मॅटर्निटी लीव्हवर होते, आणि तान्ह्या बाळाच्या आईला वेळच वेळ असतो यावर भारत आणि स्कॉटलंड, दोन्ही देशांत एकमत आहे. शिवाय मी मराठी. समोरच्याचं मूळ गाव काढून घेणं आमच्या रक्तातच असतं. इथल्या मराठी मंडळात नवीन माणसाच्या हातात चहा येण्याआधी त्याचा आतेभाऊ आमच्या ओळखीचा निघतो.

पद्धत शास्त्रशुद्ध होती. अनुया (संशोधनारंभी वय तीन महिने, वजन साडेपाच किलो) डाव्या हातावर झोपली की उजव्या हाताने लॅपटॉप उघडायचा. एका झोपेची सरासरी लांबी चौतीस मिनिटे. पैकी अकरा पासवर्ड आठवण्यात, नऊ तिच्या पापण्या बघण्यात (हे संशोधनात मोडत नाही, पण टाळताही येत नाही), उरलेल्या चौदांत एकोणिसावे शतक.

त्या सुमारास जन्मलेल्या ब्रिजेट गॅलहर सत्तेचाळीस सापडल्या. पैकी वडिलांचे नाव जेम्स: एकोणीस. सात महिने मी या एकोणीस जेम्सांच्या मागे होते. एक मासेमारी करायचा. एक तुरुंगात होता (दारू, गाढव). एकाशी तर घरोबाच झाला होता. त्याची सगळी बाळंतपणं मला तोंडपाठ होती. एक्सेल शीटला मी सहा रंग दिले.

"तुला मजा येतेय," माझा नवरा रॉरी म्हणाला.

"हे संशोधन आहे," मी म्हटलं.

जूनमध्ये मोरीन चहाला आल्या. ब्रिजेटच्या लग्नाच्या दाखल्यावर चष्मा धरून म्हणाल्या, "हेन, (म्हणजे कोंबडी, ग्लासगोत ही प्रेमाची हाक आहे) इथे तिच्या आईचं लग्नाआधीचं नाव लिहिलंय की. ग्रेस मॅकगिन्ली. हे घालून पाहिलंस का?"

नव्हतं पाहिलं. त्या रकान्यावरून माझी नजर किमान दोनशे वेळा गेली असेल. पण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, की माणूस पूर्ण झाला, हे मी शाळेच्या हजेरीपटावरच शिकले. आईचं माहेरचं नाव मला नक्षीकाम वाटलं होतं. स्कॉटलंडात बाई मेली तरी दाखल्यावर तिचं माहेरचं आडनाव जिवंत ठेवतात. (कारकुनांची अव्यवहार्य सवय. केवढी शाई जाते.)

ग्रेस मॅकगिन्ली घातल्यावर सत्तेचाळीसांतली एकच ब्रिजेट उरली. लागलेला वेळ: चार सेकंद. डोनेगलमधलं, समुद्राकाठचं, चौदा घरांचं गाव.

मोरीननी स्क्रीनवर गावाच्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग नाक पुसून म्हणाल्या, "बरं. फुलवालीला दोन गुच्छ सांगते. अनुयाला दोन बाजू आहेत. तुझ्या पणजीचा गुच्छ तिथल्याच समुद्रात सोडू. कार्डावर नाव काय घालू? जन्माचं सांग हं, लग्नाचं नको."

मी लगेच नागपूरला फोन लावला.

"आई, तुझ्या आजीचं नाव काय गं?"

"मोठीआईचं? इंदिरा."

"ते सासरचं. लग्नात तांदळावर लिहिलेलं. त्याआधीचं?"

"त्याआधी ती आपल्याकडे नव्हतीच ना."

"अगं, पण तिला कुणीतरी काहीतरी हाक मारत असेल! माहेरचं आडनाव तरी?"

"वर्ध्याकडचे होते ते. की अमरावती... तुला एकदम काय झालं? बाळ झोपलंय ना? मग तूही झोप. शशीमामाला विचारते, त्याच्याकडे अख्खी वंशावळ आहे."

मामाने ती व्हॉट्सॲपवर पाठवली. अत्यंत दर्जेदार काम. अकरा पिढ्या, चौसष्ट पुरुष आणि एक घोडी (मूळ पुरुष तिच्यावर बसून आला, नाव चंद्रिका). बायका नाहीत. चौसष्ट पुरुष थेट एकमेकांपासूनच झाले असावेत. खाली मामाचा मेसेज: "संपूर्ण व अचूक. नातेवाइकांत पाठवणे."

बघता बघता सप्टेंबर आला. फेरीबोट शनिवारी सुटते. फुलवालीकडे एक कार्ड लिहून तयार आहे, एक कोरं. मोरीन म्हणतात, शुक्रवारी चारपर्यंत सांगितलंस तरी चालेल.

तेव्हा, माझ्या सात महिन्यांना आणि सहा रंगांना जे हसले असतील त्यांनी कृपया हातभार लावावा. आपल्या आईच्या आजीचं लग्नाआधीचं नाव कळवा, मी मोठीआईच्या कार्डावर तेच घालीन. तिची हरकत नसेल. लोकांनी दिलेलं नाव वागवायची तिला सवय आहे.

लिहा. (आईला फोन करून विचारलंत तरी चालेल. मी थांबते.)